बाबांच्या जिभेखाली थांबलेलं रक्त

हे लिहू की नको, यात बरेच महिने गेले. इथं ग्रुपवर लोक चकवा, हडळ, बंद खोल्या यांचे अनुभव लिहितात आणि मी ते जेवताना मजेनं वाचत आले. विश्वास मात्र कधीच ठेवला नाही. ठेवणार तरी कशी? माझे बाबा नांदगाव खंडेश्वर तालुक्यात विज्ञानाचे शिक्षक होते. लिंबातून रक्त काढणाऱ्या भगताची युक्ती ते आठवीच्या वर्गात स्वतः करून दाखवायचे आणि मग पोरांनाच विचारायचे, "सांगा, काहून लाल झालं?" अशा माणसाची मी मुलगी. त्यात डॉक्टर. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते मलाच पटत नाही. पण झालं ते असं झालं...

मी अकोल्याला नोकरी करते. आयसीयूमधल्या सेप्सिसच्या पेशंटवर आमचं एक संशोधन चालू आहे. अकोल्याचं एक हॉस्पिटल आणि अमरावतीचं एक, दोन्हीकडं. सेप्सिस म्हणजे साध्या भाषेत — कुठंतरी जंतुसंसर्ग होतो आणि त्याच्याशी लढताना शरीर स्वतःचंच नुकसान करायला लागतं. सगळ्यात बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं. त्या गळायला लागतात, काही बंद पडतात. औषधांनी बीपी वर आणलं, मॉनिटरवर आकडे छान दिसले, तरी आत या केसाहून बारीक वाहिन्यांत रक्त थांबलेलं असू शकतं. आम्ही तेच बघतो. टॉर्चएवढा एक कॅमेरा जिभेखाली धरायचा. तिथली त्वचा इतकी पातळ असते की स्क्रीनवर रक्त वाहताना दिसतं. निरोगी माणसात काळ्या मुंग्यांची रांग धावावी तसं. आजारी माणसात काही रांगा थांबलेल्या, काही मागेपुढे हलणाऱ्या, काही रिकाम्याच.

कॅमेरा एकच. तो माझ्यासोबत दोन्ही गावांना फिरतो.

तुलनेसाठी आम्हाला पेशंटच्याच वयाची निरोगी माणसं हवी होती. आईबाबा अमरावतीलाच राहतात. बाबा म्हणाले, "माह्या जिभेखाली पाह्य न. विज्ञानाले तेवढीच मदत." एका शनिवारी सकाळी ते रिक्षानं हॉस्पिटलला आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन.

"आ करा. जीभ वर," मी म्हणाले आणि कॅमेरा टेकवला.

स्क्रीनवर सगळं थांबलेलं होतं.

मधोमध एक वाहिनी दुभंगून पुन्हा जुळत होती, सुईच्या नेढ्यासारखी. त्या नेढ्यात रक्त अडकून उभं होतं. शेजारच्या वाहिन्यांत रक्ताचे तुकडे पडले होते — तुकडा, मोकळी जागा, तुकडा — बाभळीच्या शेंगेसारखे. काहीच हलत नव्हतं. असं चित्र मी त्याआधी पाहिलं होतं, पण ज्यांच्यात पाहिलं ती माणसं बहुतेक वाचली नव्हती.

कॅमेरा जास्त दाबला तर रक्त थांबल्यासारखं दिसतं, हे मला माहीत आहे. मी हात सैल केला. जरा उचलला, परत टेकवला. तेच नेढं. तेच थांबलेलं रक्त. आणि समोर बाबा डोळे मिचकावत, मजेत, "झालं का" असं भुवयांनी विचारत बसलेले.

मदतीला मनीषा सिस्टर होत्या. त्या ट्रे पुसत होत्या, त्यांची स्क्रीनकडं पाठ होती. मी हळूच म्हणाले, "सिस्टर, मधे सुईच्या नेढ्यासारखी वाहिनी आहे, पूर्ण बंद. सरांना बोलावा."

आमचे सर तिथल्या आयसीयूचे प्रमुख. ते येईपर्यंत मी कॅमेरा हलवला नव्हता. म्हणजे, मला तसं वाटतं. ते आले, स्क्रीनकडं पाहिलं आणि म्हणाले, "काय झालं? छान तर वाहतंय."

वाहत होतं. मुंग्या धावत होत्या.

"तू दाबलं असशील," सर म्हणाले.

"सैल करून, उचलूनही पाहिलं सर."

"मग रेकॉर्डिंग लाव."

लावलं. अगदी पहिल्यापासून. सगळं निरोगी. थांबलेला एक क्षणही नाही.

बाबांनी रुमालानं तोंड पुसलं. "चेहरा काहून उतरला तुया?"

"बाबा, ताप-गीप वाटते का तुमाले? लघवीले जळजळ?"

"सकाळी भाकर खाऊन आलो. काय झालं मले?"

तरीही मी बीपी घेतलं, ताप पाहिला, रक्त पाठवलं. बाबा वैतागले. "मले निरोगी माणूस म्हणून बोलावलं ना तू? मंग पेशंट काहून करून राह्यली?" दुपारपर्यंत सगळे रिपोर्ट आले. एकूण एक नॉर्मल. संसर्गाची खूण नाही, काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना वरूडला जायचं होतं, रामभाऊ काकांच्या संत्र्याच्या बागेत. काका म्हणजे त्यांच्या नोकरीतले जुने सोबती. मी म्हणाले, "नका जाऊ."

"कारण सांग."

कारण काय सांगणार? ते गेले.

मी अकोल्याला परतले आणि माझं कशात लक्ष लागेना. राउंडमध्ये प्रत्येक पेशंटचे गुडघे बघायचे, कारण सेप्सिसमध्ये गुडघ्यांवरची कातडी जाळीदार, जांभळट होते. बाबांचे गुडघे शनिवारी बघायचे राहिले, हेच डोक्यात. फोन करून करून आईचं डोकं खाल्लं. सोमवारी ती म्हणाली, "हाताले काटा रुतला वं त्याइच्या, काकाइच्या बागेत. जंबेरीचा, त्या काटेरी लिंबाचा. मी सुईनं काढला, हळद लावली. तू काहून एवढी घाबरून राह्यली?" बाबाही फोनवर नीट बोलले. संत्री गोड आहेत म्हणाले. हात दुखतो का विचारलं तर म्हणाले, "काटाच आहे, कुऱ्हाड नाही."

मंगळवारी सकाळी पुन्हा फोन. आई म्हणाली, चहा घेऊन परत झोपले आहेत, प्रवासानं थकले. ताप नाही. म्हणजे सगळं ठीक होतं. मी ड्युटीला जायला गाडी काढली आणि हॉस्पिटलच्या चौकात वळायच्या ऐवजी सरळ अमरावतीच्या रस्त्याला लागले. ठरवून नाही. मूर्तिजापूरजवळ कापसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकले, तेव्हा भानावर आले. काय करून राहिले मी? रजा टाकली नाही, कुणाला सांगितलं नाही. बाबांना काय सांगायचं? परत फिरावं म्हणून इंडिकेटरही दिला होता. फिरले नाही. बडनेऱ्याहून थेट घराकडं वळले.

आईनं दार उघडलं. "तू इकडं कशी? झोपले आहेत न ते."

ते झोपले नव्हते. चादर बाजूला केली. उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला, आतून लाल पट्टा दंडाकडं चढत होता. श्वास भराभर. अंग गरम नव्हतं, उलट गार होतं, म्हणूनच आईला ताप वाटला नाही. नाडी मनगटाला लागेना. लुंगी वर केली... गुडघे जाळीदार.

"बाबा, मी आली."

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "यष्टी लागली का?"

शेजारच्यांनी उचलायला मदत केली. मागच्या सीटवर त्यांचं डोकं आईच्या मांडीवर, आणि आई वाटभर एकच म्हणत होती, "सकाळी चहा घेतला न त्याइनं." मी आरशात फक्त बाबांची छाती बघत होते, हलते की नाही.

पुढचं भराभर झालं. सलाईन, अँटिबायोटिक, बीपी चढवायची औषधं. सर्जननी हात उघडला, आत पू होता. दुपारी बीपी वर आलं. आकडे चांगले दिसायला लागले. सरांना मी म्हणाले, "जिभेखाली बघायचंय."

"तू नाही. मी बघतो," सर म्हणाले. माझ्या गाडीतून आणलेला कॅमेरा त्यांनी हातात घेतला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिले, मनीषा सिस्टर माझ्या बाजूला.

चित्र स्थिर झालं. मधोमध नेढं. त्यात अडकून उभं राहिलेलं रक्त. शेजारी बाभळीच्या शेंगा.

माझ्या आधी सिस्टर बोलल्या. "मॅडम... हे तर तुमी शनिवारी सांगितलं होतं ते."

सरांनी मान वळवून आमच्याकडं पाहिलं. मग परत स्क्रीनकडं. बराच वेळ त्यांनी कॅमेरा तसाच धरून ठेवला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. हा कॅमेरा एका वेळी तिळाच्या दाण्याहून लहान जागा दाखवतो. तीच जागा दुसऱ्या दिवशी पुन्हा सापडणं जवळपास अशक्य. आम्ही मुद्दाम शोधून पाहिलं आहे, सापडत नाही. सरांना ती पहिल्याच टेकवण्यात मिळाली. आणि नंतर आम्ही दोघांनी शनिवारच्या सगळ्या क्लिप पुन्हा तपासल्या. त्यात ते नेढं कुठंच नाही. वाहतंही नाही, थांबलेलंही नाही. शनिवारी कॅमेरा त्या जागेवर गेलाच नव्हता.

सर म्हणाले, "ताणात मेंदू असं जुळवून घेतो. आज पाहिलेलं शनिवारी पाहिल्यासारखं वाटतं."

"पण मॅडमनं मले तवाच सांगितलं होतं सर," सिस्टर म्हणाल्या. "मी तुमाले बोलावाले आली तवा माह्या डोक्यात तेच होतं."

आजही तो विषय निघाला की सर दुसऱ्याच पेशंटचं काढतात.

शनिवारी संसर्ग आत दडलेला होता म्हणावं, तर रिपोर्ट स्वच्छ होते. आणि काटा तर रविवारी रुतला, वरूडला. जे झालंच नव्हतं त्यानं बंद पडलेलं रक्त मी आदल्या दिवशी कसं पाहिलं? भास म्हणावा, तर भासाला ते नेढं कुठून मिळालं?

बाबा वाचले. करंगळीचं टोक गेलं, बाकी हात राहिला. अजून काही तास गेले असते तर... ते मी लिहीत नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी, दुपारी, आम्ही दोघंच गॅलरीत बसलो होतो. ते डाव्या हातानं संत्रं सोलायचा प्रयत्न करत होते. न बघताच म्हणाले, "त्या दिवशी तुले कोणी फोन केला नव्हता. आईनं तर ठीक आहे म्हणून सांगितलं. मंग तू आली काहून?"

मी सगळं सांगितलं. शनिवारपासून. मला वाटलं, आता वर्गातल्यासारखे प्रश्न सुरू होतील — पुरावा काय, साक्षीदार कोण. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. संत्रं तसंच अर्धवट सोललेलं हातात राहिलं.

मग म्हणाले, "कॅमेरा आणला का सोबत? पाह्य बरं एकदा." आणि त्यांनी तोंड उघडून जीभ वर केली.

कॅमेरा खाली गाडीत होता. पण पुन्हा काही थांबलेलं दिसलं तर?

"अकोल्याले राह्यला बाबा," मी म्हणाले.

त्यांनी तोंड मिटलं. माझ्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. मला अजून कळलं नाही, त्यांना माझं खोटं खरं वाटलं होतं, की मी बघितलं नाही याचंच बरं वाटलं होतं.