अलकाआत्याचे बिनधान्याचे मोदक

माझी अलकाआत्या पन्नास वर्षं उपास करतेय, आणि त्यातली निदान चाळीस वर्षं ती देवासाठी नव्हे, साबुदाण्याच्या खिचडीसाठी करतेय, असं माझं स्पष्ट मत आहे. एकादशी, चतुर्थी, सोमवार, शिवाय मधूनच एखादा गुरुवार. सांगलीहून लग्न होऊन ती बेंगळुरूत राजाजीनगरला आली, काका इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. तेव्हापासून तिनं इथलं सगळं उचललं, कन्नडसुद्धा. फक्त इथले लोक एकादशीला उप्पिट खातात, हे काही तिला आजवर पचलेलं नाही. "रव्याचा उपास! मग पोळीनं काय घोडं मारलंय?" असं ती शेजारच्या श्यामलाअक्कांना तोंडावर विचारते.

असल्या बाईला धान्य न खाणं शिकवायला कोणी जावं? तर तिची सून गेली.

हर्षिता म्हैसूरची. आत्याच्या अभिजीतशी लग्न झाल्यापासून मराठी शिकली, आणि आत्याशी भांडण्याइतकी चांगली शिकली; सासूला हाक मात्र कन्नडमधूनच, 'अत्ते'. त्यांची अश्लेषा सात वर्षांची. वर्षभर पोरगी पोटदुखीनं हैराण होती. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, सहा आठवडे धान्याचा कण पोटात जाऊ द्यायचा नाही. तांदूळ, गहू, नाचणी, ज्वारी, सगळं बंद. मग एकेक सुरू करून बघू, कशानं दुखतं ते. मध्येच काही गेलं तर पुन्हा पहिल्या दिवसापासून. हर्षितानं फ्रिजवर बेचाळीस चौकटींचा कागद चिकटवला, रोज एक चौकट रंगवायची, आणि पोरीच्या ताटाचा ताबा घेतला. दुसऱ्या कुणी काही भरवायचं नाही. आत्यानंही नाही.

आत्या बोलायची खूप, पण आतून मोडली होती. नातीला घास भरवता येत नाही म्हणून गॅलरीत बसून डोळे पुसायची आणि मी गेले की म्हणायची, कांदा चिरत होते. गॅलरीत कांदा!

सव्विसाव्या दिवशी गणेश चतुर्थी आली. हर्षिता म्हणाली, "अत्ते, यंदा मोदक नकोत. अश्लेषा बघत बसेल."

"गणपती आणि मोदक नाहीत? त्याला काय रताळं दाखवू?" आत्या कडाडली, आणि तिथंच तिला सुचलं. "रताळंच दाखवते! अगं, पन्नास वर्षं बिनधान्याची जगले मी. तुझ्या डॉक्टरला येतं का शिंगाड्याचं थालीपीठ?"

हर्षितानं जरा विचार केला. मग म्हणाली, "सरी, चालेल. पण एक कणही नको, अत्ते. नाहीतर पुन्हा एकपासून."

आत्यानं यशवंतपूरच्या बाजारातून चार किलो रताळी आणली आणि मला इंदिरानगरहून बोलावून घेतलं. "शलाके, ये. साक्षीदार म्हणून बस."

पहिला मोदक नुसत्या शिंगाड्याच्या पिठाचा. तो कट्ट्यावरून खाली पडला आणि फरशीचा टवका उडाला. दुसरा साबुदाण्याच्या पिठाचा. त्यानं आत्याची कवळी जी धरली ती सोडेचना. तिसरा उकडलेल्या रताळ्याचा. पारी सुंदर झाली, कळ्या सुरेख पडल्या, आणि वाफ लागताच सगळं सारण बाहेर येऊन मोदकपात्रात पसरलं. आत्या त्याच्याकडे बघून म्हणाली, "मेल्या, तुलाही आत्ताच मोकळं व्हायचं होतं?"

मग तिनं कपाटातून स्टीलचा डबा काढला. "वऱ्याचे तांदूळ. दोन चमचे वाटून घालते, चिकटपणा येईल." लक्षात घ्या, नावातच तांदूळ. मी तिथं बसले होते, मी इंजिनिअरिंग शिकलेय, आणि माझ्या टाळक्यात काहीही प्रकाश पडला नाही. वरी उपासाला चालते, म्हणजे ती धान्य नव्हे, हे आमच्या घरात कुणी कधी तपासलेलंच नाही.

मोदक असे टेचात उभे राहिले की आत्या स्वतःवरच खूश झाली. एकवीस दाखवले गणपतीला, आणि पहिला तिनं स्वतःच्या हातानं अश्लेषाला भरवला. हर्षितानं भरवू दिला. पोरीनं तीन खाल्ले. आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

दुपारी श्यामलाअक्का प्रसादाला आल्या आणि सवयीप्रमाणे थेट स्वयंपाकघरात घुसल्या. कट्ट्यावरचा डबा उघडा होता. चिमूटभर दाणे तळहातावर घेऊन म्हणाल्या, "सामे आणलीस होय, अलका? आमच्या गावी शेतात हीच. झोडपून झोडपून हात दुखायचे."

"ही वरी. उपासाची," आत्या म्हणाली.

"अय्यो, उपासाची असो नाहीतर लग्नाची! शेतात पेरतो, कणसं येतात, झोडपतो, भात करतो. धान्यच की!"

अक्का मोदक घेऊन गेल्या. आत्या डबा धरून उभीच.

मी दार लोटलं. खोटं कशाला बोलू, मीच म्हणाले, "आत्या, गप्प बस. दोनच चमचे होते. तीन मोदकांत कितीशी गेली असेल? कुणाला कळणार नाही." मला माहीत होतं, हे बाहेर पडलं की तिला त्या ताटाजवळ पुन्हा कुणी उभं करणार नाही.

"आणि उद्या पोट दुखलं तर?" आत्या म्हणाली. "तो डॉक्टर म्हणेल रताळ्यानं दुखलं. जन्मभर बिचारीचं रताळं बंद करतील. माझ्या तोऱ्यापायी?"

ती तरातरा बाहेर गेली. हर्षिता आणि अश्लेषा रंगाची पेटी घेऊन फ्रिजपाशी होत्या, अभिजीत सोफ्यावर लोळत होता.

"हर्षिता, ती चौकट रंगवू नका. मी वरी घातली होती. ते धान्य असतं. मला माहीत नव्हतं. पण खाऊ मी घातलं."

"परत एकपासून?" म्हणत अश्लेषानं भोकाड पसरलं. हर्षितानं रंगाची पेटी मिटून बाजूला ठेवली. मग सोफ्याकडे वळली.

"अभि, तुला काही सांगायचंय?"

"मला? काय?"

"अकरावा दिवस. तू तिला बाहेर खाऊ घातलेलं गोबी मंचुरियन. मैदा, कॉर्नफ्लोअर, सगळं. अश्लेषानं घरी येताच सांगितलं मला. खरी मोजणी मी तेव्हाच फोनमध्ये नव्यानं सुरू केली. हा कागद ठेवला तो तू कधी सांगतोस ते बघायला. पंधरा दिवस झाले."

अभिजीत तोंडात मारल्यासारखा उशीकडे बघत राहिला. आत्यानं त्याला त्याच उशीनं दोन फटके हाणले.

हर्षितानं कागद टराटरा फाडला. "अत्ते, उद्यापासून अश्लेषाचं खाणं तुम्ही करा."

"मी? अगं, मीच तर..."

"तुम्ही चुकलात तर येऊन सांगता. मला तेवढं पुरे."

आत्या मटकन खाली बसली आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडली. मग अश्लेषाला मांडीवर ओढून, पदरानं आधी तिचं आणि मग स्वतःचं नाक पुसून, सुनेला म्हणाली, "बस इथं. मला काही येत नाही असं समज, आणि धान्य कशाकशाला म्हणतात ते पहिल्यापासून सांग."