गुळवेलीला आवतन

देवऋषी, उतारे, लिंबू-मिरची... असल्या गोष्टींना मी कायम हसत आलोय. सरकारी ऑफिसात टाइपरायटर बडवण्यात जन्म गेला. जे कागदावर नाही ते नाहीच, असा आपला खाक्या.

साल १९९४, सीबीडी बेलापूर, सेक्टर आठ. आमची सात वर्षांची मनू काविळीने अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांचं औषध चालू होतं, पण पोटात अन्न ठरेना आणि चार दिवस तोंडातून शब्द नाही. उद्या अ‍ॅडमिट करू, म्हणाले डॉक्टर.

बायकोने सोनीबाईंना गाठलं. डोंगरावरच्या पाड्यातल्या ठाकर म्हातारी, आमच्याकडे रानभाज्या विकायला यायच्या. म्हणाल्या, "गुळयेल देते. पन आदल्या सांजेला बापानं जाऊन येलीला आवतन द्यायचं. तांदूळ-सुपारी ठेवायची, पोरीचं नाव घेऊन बोलवायचं. मंग सकाळी मी तोडनार."

वेलीला आमंत्रण! पण बायकोपुढे कोण बोलणार? गेलो. डोंगराच्या वाटेवर लोक फिरायला आलेले... ऑफिसातल्या कुणी झाडाशी बोलताना पाहिलं तर? मग चक्क चिठ्ठी लिहून ठेवली — "कु. मनाली हिच्या आजारपणास्तव येण्याची कृपा करावी, ही विनंती." खाली सही!

उतरताना सोनीबाई भेटल्या. चिठ्ठीचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"झाडाला वाचता येतं का रं? जा परत. तोंडानं बोल."

परत वर गेलो. आता तिथे चिटपाखरू नव्हतं. "मनूसाठी चल," एवढंच म्हणालो आणि... रडूच फुटलं. ती आजारी पडायच्या आदल्या दिवशी, गाडीवरचा बर्फाचा गोळा खाल्ला म्हणून मी तिच्या थोबाडीत मारली होती. बायकोलाही सांगितलं नव्हतं. वेलीला सगळं सांगितलं. "चुकलं माझं," म्हणालो.

घरी येऊन तोंड धुतलं, गुपचूप मनूजवळ बसलो. तिने डोळे उघडले.

"बाबा, चुकलं म्हणालात ना? मग आता रडू नका. मला भूक लागलीये."

बायको पेज आणायला धावली. वाटीभर पेज प्यायली पोरगी, आणि ती पोटात राहिली. गुळवेल तर अजून तोडलीसुद्धा नव्हती हो! सकाळी सोनीबाईंनी ती आणली, मनूने नाक मुरडत काढा घेतला. हॉस्पिटलची वेळ आलीच नाही.

डोंगरावर बोललेलं तिला घरात कसं कळलं? योगायोग म्हणा, भास म्हणा... मीही म्हणून पाहिलं, पटत नाही. पोरीवर पुन्हा कधी हात उचलला नाही, एवढं खरं.

"काय चुकलं होतं तुमचं?" बायको अजून विचारते. आज लिहून टाकलं. आता वाचेल, आणि बोलेल मला. बोलू दे.