झुलालभाऊंचे गुण

पिंप्राळ्याचे झुलालभाऊ आठवडी बाजारात कंदिलाच्या काचा विकायचे. तेव्हा खेड्यात वीज पाहुण्यासारखी यायची आणि चहा न घेताच निघून जायची, त्यामुळे काचांना गिऱ्हाईक भरपूर. राजदूत मोटारसायकलच्या मागे लाकडी खोकं, खोक्यात गवत, गवतात काचा. भाऊ गाडी इतकी जपून चालवत की त्यांच्यामागे अडकलेला बैलगाडीवालाही कंटाळून ओरडायचा. रस्त्यातला खड्डा त्यांना डोळ्यांआधी बुडाला कळतो, असं त्यांच्या बायकोचं, प्रमिलाबाईंचं म्हणणं होतं.

असा माणूस मोटारसायकलच्या शर्यतीत उतरला तो रुपचंदशेठमुळे. शेठचं धुळ्याला स्पेअर पार्टचं दुकान होतं आणि शर्यतींचं वेड होतं. त्यांनी क्लब काढला आणि दर हिवाळ्यात चार शर्यती ठरवल्या: जळगाव, धुळे, अमळनेर आणि वरणगाव. गावाबाहेरच्या पडीक रानात चुन्याच्या रेघा मारायच्या, प्रत्येक शर्यतीचे गुण द्यायचे आणि ज्याची बेरीज मोठी त्याला खान्देश चषक.

पहिल्याच वर्षी अमळनेरला एक गडी कमी पडला. बाजारात उभी असलेली राजदूत शेठच्या नजरेस पडली.

"झुलालभाऊ, तुमनी गाडी मोकळी शे का?"

"गाडी शे, पन वर काचा शेतस."

"काचा उतारा आनि बसा."

भाऊ बसले. सहा जणांत तिघं पडले, एकाची चेन तुटली. भाऊ आपल्या बाजारच्या चालीनं फेऱ्या पुऱ्या करून आले, ते पुढून दुसरे आणि मागून पहिले. गळ्यात झेंडूचा हार पडला आणि माणूस कामातून गेला. तेव्हापासून एकही शर्यत त्यांनी चुकवली नाही.

त्या वेळचा नियम असा होता: पहिल्याला नऊ गुण, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला चार, चौथ्याला तीन. पण चारांपैकी चांगल्या तीनच शर्यती धरायच्या, सगळ्यात वाईट ती सोडून द्यायची. हा नियम जणू धुळ्याच्या भटूसाठीच केला होता. भटूकडे येझदी होती आणि ब्रेक कशासाठी असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एखाद्या शर्यतीत तो हमखास आपटायचा, पण ती शर्यत धरतच नव्हते, मग आपटून बिघडतंय काय! दुसऱ्या वर्षी तर तो पहिल्या तिन्ही शर्यती जिंकला आणि चौथीला, खुद्द धुळ्यात, गाडी न घेताच आला. पुढच्या रांगेत बसून त्यानं भजी खाल्ली.

धुळेकर खवळले. "आम्ही काय याले भज्या खातांना देखाले उनूत का?"

शेठनी नियम बदलला. पुढच्या हिवाळ्यापासून चारही शर्यती धरायच्या. आता भटू एकही शर्यत सोडणार नाही, असा त्यांचा हिशेब होता आणि तो बरोबर निघाला. फक्त त्या हिशेबात त्यांनी झुलालभाऊंना धरलं नव्हतं.

भटू जळगावला जिंकला, वरणगावला जिंकला, मधे अमळनेरला त्याच्या येझदीचं इंजिन जाम झालं. भाऊ मात्र तिसरे, दुसरे, तिसरे, असे येतच राहिले. धुळ्याच्या शेवटच्या शर्यतीआधी शेठनी फळ्यावर खडूनं गुण मांडले. भटू अठरा, झुलालभाऊ चौदा. भाऊ फार तर दुसरे येणार, म्हणजे वीस. ते पहिले येतील हा विचार कुणाच्याच मनाला शिवला नाही, त्यांच्याही नाही.

"भटू, तू नुसता चौथा ये," शेठ म्हणाले. "चषक तुझाच."

आता भटू जन्मात कधी चौथा आला नव्हता. एक तर पहिला, नाही तर खड्ड्यात. चौथं कसं यायचं, हे त्याला कळेना. सुटताच सवयीनं पुढे निघाला, मग आठवण झाली तसा हळू झाला. एकाला पुढे जाऊ दिलं, दुसऱ्याला जाऊ दिलं. झुलालभाऊ त्याच्या बाजूनं टुकूटुकू निघून गेले, तेव्हा त्यानं चक्क हात जोडले. मग पाचवा किती मागे आहे हे बघायला त्यानं मान वळवली आणि येझदीसकट थेट बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात शिरला.

पुढच्या दोघांतल्या एकाची चेन तुटली आणि भाऊ दुसरे आले. वीस विरुद्ध अठरा. शेठनी चषक हातात दिला तेव्हा मैदानात टाळ्या वाजायच्या जागी कुजबूज झाली. एक म्हातारा उठून उभाच राहिला.

"पन हाऊ जिकना कव्हय?"

"नियमपरमाने जिकना," कधी ते टाळून शेठ म्हणाले आणि घाम पुसू लागले.

घरी प्रमिलाबाईंनी चषक खालून-वरून पाहिला. "एकदाही पहिलं न येता मिळाला?"

"प्रत्येक वेळी आलो ना पण."

"म्हणजे शाळेत रोज हजर राहणाऱ्याला देतात, तसलं बक्षीस."

भाऊंना ते लागलं.

पुढच्या हिवाळ्यात वेगळीच तऱ्हा झाली. सगळ्यांनी झुलालभाऊंचा कित्ता गिरवला. अमळनेरला बारा मोटारसायकली सुटल्या त्या वरातीसारख्या. कुणी पडायला तयार नाही, म्हणून कुणी पळायला तयार नाही. भटू तर ब्रेक दाबून दाबून चालवत होता. सगळे भाऊंच्या मागे, आणि आपल्यापुढे कुणीच नाही हे पाहून भाऊ घाबरले. त्यांनी हात दाखवून दोघांना पुढे काढलं आणि सवयीप्रमाणे तिसरे आले. लोक ओरडत होते, "नवरदेव कोठे शे? बँड कोठे शे?"

शेठनी तिथंच माइक हातात घेतला. आजपासून पहिल्याला वीस, दुसऱ्याला पाच, बाकीच्यांना काही नाही!

"मधेच नियम कसा बदलता?" कुणीतरी विचारलं.

"क्लब मना शे," शेठ म्हणाले.

झालं. धुळे आणि वरणगावला नुसता धुमाकूळ. पहिल्याच वळणावर आठ-आठ जण एकमेकांच्या अंगावर. भाऊ त्या ढिगाला वळसा घालून दोन्हीकडे तिसरे आले. गुण शून्य. इतकी वर्षं ज्या तिसऱ्या नंबरावर त्यांनी संसार उभा केला होता, तो नंबरच पाण्यात गेला.

शेवटची शर्यत जळगावला, पिंप्राळ्याबाहेरच्या रानात, केळीच्या बागेला लागून होती. प्रमिलाबाई पहिल्यांदाच बघायला आल्या. भाऊ नेहमीसारखे मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

"अहो," त्या जवळ येऊन म्हणाल्या, "आज मागे काचा नाहीत."

भाऊंनी मान वळवून पाहिलं. खरंच, नव्हत्या. इतक्या शर्यती केल्या, पण खोकं उतरवलेलं असतं ही गोष्ट त्यांच्या मनगटाला कधी समजलीच नव्हती.

झेंडा पडला आणि झुलालभाऊंनी मूठ पिळली. राजदूत अशी काही ओरडली, जणू तिला पहिल्यांदाच कुणी बोलू दिलं होतं. सदरा फुगला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. एक गेला, दोन गेले, भटूही मागे पडला. पुढे मोकळं रान. कुणीतरी मोठमोठ्यानं हसतंय असं भाऊंना ऐकू आलं, आणि ते आपणच आहोत हे कळायला अर्धी फेरी लागली. पहिली फेरी पुरी झाली तेव्हा सगळ्यांच्या पुढे झुलालभाऊ होते. लोक उड्या मारत होते.

दुसऱ्या फेरीचं वळण या वेगानं कसं घ्यायचं, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते सरळ गेले. केळीची चार खोडं आडवी झाली आणि पाचव्या खोडाखाली भाऊ सापडले, छातीवर घड घेऊन. काट्यांच्या कुंपणापासून शहाणा झालेला भटू वळणावर हळू झाला, पुढे सुटला आणि जिंकला.

भाऊंच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात शेठ भेटायला आले ते केळी घेऊन. भाऊंनी तोंड भिंतीकडे केलं.

"भाऊ, नवा नियम केला," शेठ म्हणाले. "जो एखादी फेरी सगळ्यांच्या पुढे राहील, त्याला एक गुण. कालपासूनच लागू."

भाऊंनी तोंड परत वळवलं. "म्हणजे मला एक मिळाला?"

"मिळाला."

"चषकात मी कितवा?"

शेठनी बोटांवर मोजून पाहिलं. "सातवा."

"चालेल," भाऊ म्हणाले, आणि हसून त्यांचं तोंड काही मिटेना. शेठ गेल्यावर त्यांनी उशाशी बसलेल्या बायकोला हळूच विचारलं, "पुढे होतो तेव्हा कसा दिसत होतो मी?"

"मला काय माहीत? मी डोळे गच्च मिटले होते," प्रमिलाबाई म्हणाल्या. एक केळं सोलून त्यांनी भाऊंच्या हातात दिलं. "पण सगळे ओरडत होते ना, तेव्हा बाजूच्या बाईला मी सांगितलं, आमचे आहेत म्हणून."