कुवेतचं तिकीट आणि सात पेरूची झाडं

कोल्हारला एस.टी. थांबायची ती जेमतेम पाच मिनिटं. तेवढ्यात ड्रायव्हर-कंडक्टरचा चहा, प्रवाशांचं आडोशाला जाऊन येणं आणि माझे पेरू, हे सगळं उरकायचं असे. नगर-मनमाड रस्त्याला लागून आमच्या शेताच्या बांधावर पेरूची सात झाडं होती. नऊ वर्षांची असल्यापासून मॅट्रिक होईपर्यंत मी पाटी घेऊन गाड्यांच्या खिडक्यांखाली फिरले. खिडकीखाली उभं राहिलं की माणसाचं तोंड दिसत नाही, हात दिसतो. मी तोंडं कधी बघितलीच नाहीत. एक डोळा हातावर, दुसरा ड्रायव्हरवर.

ड्रायव्हर कप ठेवून उठला की घाई दोघांनाही होते, घेणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही. जो ती दाखवतो तो मार खातो. मी दाखवत नसे. चार आण्याला तीन म्हणजे तीन. नाणं माझ्या मुठीत आल्याशिवाय पेरू वर जात नसे. एकदा एका धोतरवाल्यानं पेरू आधी घेतले आणि गाडी सुटल्यावर नुसता हात हलवला. मी पाटीतला सगळ्यात टणक पेरू नेम धरून फेकला. तो लागला कंडक्टरला. आठ दिवस मला थांब्यावर फिरकू दिलं नाही, पण त्या गाडीत नंतर कुणी फुकट खाल्लं नाही.

माझा थोरला भाऊ, दादा, या वेळी बाभळीखाली बसलेला असे. पाटी उचलणं त्याच्या इभ्रतीत बसत नव्हतं. पुढं वहिनी आली, तीही त्याच तोऱ्याची. "आमच्या माहेरी बायका बाजाराला बसत न्हाईत," असं ती पाटीतलाच पेरू खात सांगायची.

मॅट्रिक झाल्यावर मी आप्पांकडून, म्हणजे वडिलांकडून, नर्सिंगची परवानगी मिळवली. राहणं फुकट, जेवण फुकट, वर महिन्याला हातात थोडे पैसे. आप्पांनी तीन वेळा विचारलं, "म्हंजे आपल्याला काहीच घालावं लागनार न्हाई?" नाही म्हटल्यावर त्यांना नर्सचा धंदा एकाएकी पुण्याचा वाटायला लागला. गावाला तसं वाटलं नाही. परक्या माणसांची नाडी धरणारी पोरगी, एवढंच गावाला दिसलं. त्याच गावातले लोक फोड फुटल्यावर नगरच्या दवाखान्यात माझं नाव सांगून रांग मोडायचे.

सत्तर साल संपता संपता मला एक स्थळ आलं. मुलगा मोटार मेकॅनिक, कुवेतला जाणारा. बोलायला त्याचे मामा होते. मुलगा आल्यापासून जाईपर्यंत सतरंजीच्या दशा मोजत बसला होता. मी स्वयंपाकघराच्या दाराआड आईजवळ बसले होते.

मामा म्हणाले, "हुंडा आमाला नको. आमी त्या इचाराचे न्हाई."

आप्पांचे खांदे सैल पडलेले मला आतून दिसले.

"फकस्त पोराचं जायचं तेवढं बघा. बोटीचं तिकीट, पासपोर्टचा खर्च आन् अंगावर दोन चांगले कपडे. पोरगं तुमचंच हाय आता."

"आन् पोरगी कवा न्यायची?" आप्पांनी विचारलं.

"जम बसला की."

"जम बसायला किती दिवस लागतात?" हे मी विचारलं, दाराआडून.

बाहेर चहाच्या बशा थांबल्या. आईनं माझ्या दंडाला चिमटा काढला. मामा दाराकडं बघत म्हणाले, "पोरगी बोलती व्हय?"

दादा म्हणाला, "पेरू इकायची ना आधी. सवय हाय."

मी पदर घेऊन दारात आले. एव्हाना माझं डोकं तापलेलं होतं, पण आवाज मी दवाखान्यातला लावला. "मामा, नोकरी कुणी दिली आहे? कागद आहे काही?"

"ह्याच्या चुलतभावाचं पत्र हाय. तो हाय तिथं तीन वर्सं. वाचता येतंय न्हवं? वाचा मोठ्यानं, समद्यांना ऐकू दे." मामांनी खिशातून निळं पत्र काढून ऐटीत माझ्या हातात दिलं. त्यांनी ते नीट वाचलेलं नव्हतं. माझं नशीब तिथं उघडलं असं लोक म्हणतात. मी म्हणते, मामांचा चष्मा घरी राहिला होता.

मी वाचायला लागले. उन्हाळा फार आहे, खबूस नावाची भाकरी मिळते, मटण स्वस्त आहे. पुढं चुलतभावानं लिहिलं होतं: मेकॅनिक इकडे ढिगानं पडलेत, तू आलास तर पाच-सहा महिने माझ्या खोलीवर थांबावं लागेल, मग बघू. खरी मागणी नर्सबायांना आहे. आमच्या गॅरेजच्या वर एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, डॉक्टरचा दवाखाना आहे, तो रोज विचारतो, तुझ्या मुलुखातली एखादी आहे का म्हणून.

वाचून झालं. नवरदेवानं दशा मोजणं थांबवून पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मी पत्राच्या मागचा पत्ता दोनदा डोळ्यांखालून घातला आणि पत्र मामांना परत दिलं.

"आप्पा," मी म्हटलं, "एकच तिकीट काढायचं असेल, तर ज्याला काम आहे त्याचं काढू."

मामा उठले. "आमी नवरी बघाया आलो हुतो. हितं तर वकील निघाली." पोहे मात्र त्यांनी संपवले होते.

त्यानंतर पंधरा दिवस घरात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. दादा सगळ्यात जास्त चिडला होता. मी मात्र पत्रामागच्या पत्त्यावर त्या चुलतभावाला पत्र टाकलं. तो भला माणूस निघाला, किंवा डॉक्टरकडं आपलं वजन वाढेल असं त्याला वाटलं असेल. दोन महिन्यांनी डॉक्टरचं टाईप केलेलं पत्र आलं. नोकरी पक्की, तिकिटाचा खर्च आधी तुमचा, नंतर दवाखाना देईल, आणि अमुक तारखेच्या आत हजर व्हा, नाहीतर जागा दुसरीला. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या जमादारानं गावात माझं चालचलन विचारलं. गावानं सांगितलं, चालचलन चांगलं आहे, जीभ वाईट आहे. ते त्यानं लिहून घेतलं की नाही ते मला माहीत नाही. पासपोर्ट आला.

आप्पा तिकिटाला हो म्हणाले. पण उसाचं बिल दादाच्या ताब्यात असायचं. दादा रोज म्हणायचा, "देतो की. पळून चाललो का मी?" आज, उद्या करता करता निघायचा दिवस आला. मला वाटलं, आप्पांचा शब्द आहे, थांब्यावर देईल. मी गाडीत बसले. ट्रंक टपावर चढली. पुढं मनमाडहून मुंबईची रेल्वे, मुंबईला तिकिटाचे पैसे भरायची दुसऱ्या दिवशीचीच मुदत. खिडकीची जागा मिळाली म्हणून मला आनंदही झाला होता.

दादा खिडकीखाली येऊन उभा राहिला. डाव्या हातात पैशांचं पाकीट, उजव्या हातात घडी घातलेला स्टॅम्पपेपर.

"सही कर हितं."

"कशावर?"

"काही न्हाई, रीत हाय. समद्या बहिनी देत्यात लिहून. हक्कसोड. तू तर आता कुवेतची मालकीण. तुला काय करायची हितली ढेकळं?"

मी कागद उघडला. जमिनीवर, विहिरीवर, घरावर माझा कसलाही हक्क नाही आणि पुढंही सांगणार नाही, असं वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. दोन साक्षीदारांच्या सह्या आधीच होऊन गेल्या होत्या. मी न केलेल्या सहीला ते साक्षीदार होते.

"सात झाडं वगळ," मी म्हटलं. "बाकी सगळं घे."

"झाडं काय हवेत असत्यात व्हय? जमिनीतच असत्यात."

"मग मी सही करत नाही."

"नको करू. उतर. ट्रंक काढायला सांगतो." त्याचा आवाज जराही चढला नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तो माझ्या तोंडाकडं बघतच नव्हता. एक डोळा माझ्या हातावर होता आणि दुसरा चहाच्या टपरीवर, ड्रायव्हरच्या कपावर. इतकी वर्षं बाभळीखाली बसून तो झोपा काढतोय असं मला वाटायचं. तो शिकत होता.

ड्रायव्हर उठला. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी सुरू झाली आणि खिडकीचा पत्रा माझ्या कोपराखाली थरथरायला लागला. पलीकडं आप्पा माझ्या फराळाचं गाठोडं धरून उभे होते. मी त्यांना हाक मारली. त्यांनी गाठोडं वर दिलं, पण बघत होते ते ड्रायव्हरकडंच. त्यांना सगळं माहीत होतं. कागदावरचं अक्षर त्यांच्या ओळखीच्या तलाठ्याचं होतं.

मी सही केली. खिडकीच्या पत्र्यावर, हलत्या गाडीत. तिरकी आली. नाणं मुठीत आल्याशिवाय पेरू वर जात नाही, हा माझा नियम. त्या दिवशी पेरू खाली गेला आणि मग पाकीट वर आलं.

कुवेतला पोचल्यावर डॉक्टरनं मला पहिल्या दिवशी चहाचा ट्रे दिला. नर्स म्हणून बोलावलं होतं. पण एक नर्स, त्याच्या बायकोची बहीण, तिथं आधीच खुर्चीवर होती. तिला इंजेक्शनची भीती वाटायची, म्हणून ती नंबर पुकारायची. मला झाडू, चहा आणि उकळत्या पाण्यातल्या सुया. मी आठ दिवस गप्प राहिले. माझ्यासारखीनं आठ दिवस गप्प राहणं म्हणजे काय, ते आमच्या गावाला विचारा. नवव्या दिवशी जिना खालपर्यंत भरला. एका बांधकामावरचे सगळे मजूर एकदम लस टोचून घ्यायला आले होते, त्यांचा मुकादम घड्याळ दाखवत ओरडत होता. मी सुया उकळल्या, ट्रेमध्ये मांडल्या, ट्रे टेबलावर ठेवला आणि स्टुलावर बसले.

"टोच ना," डॉक्टर हातवारे करत म्हणाला. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि हातांनी चालायचं.

"मी चहावाली," मी म्हटलं.

मुकादम माणसं परत नेतो म्हणाला. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं, जिन्याकडं बघितलं. मी नखं बघत होते. संध्याकाळी दारावरच्या पाटीखाली नर्स म्हणून माझं नाव लागलं आणि चहा मेहुणीकडं गेला. पगारही त्याच स्टुलावर बसून ठरला. हे मी ऐटीनं सांगते खरं. पण त्या रात्री खोलीवर येऊन मला एकच वाटलं, की मुकादमाला घाई होती, डॉक्टरला घाई होती, तेव्हा माझं डोकं एवढं थंड राहिलं, मग कोल्हारच्या थांब्यावर काय झालं होतं? आणखी एक मिनिट मी नखं बघितली असती तर? एस.टी. काय, दुसऱ्या दिवशीही होती. मुदत चुकली असती तर तार करता आली असती.

वर्षभरानं तो नवरदेव आला, दुसऱ्या एका मुलीच्या बापाच्या तिकिटावर. अंगठा पान्यात सापडला म्हणून जिना चढून वर आला. त्यानं मला ओळखलं आणि पुन्हा दशा शोधायला लागला. धनुर्वाताचं इंजेक्शन मी दिलं. सुया दोन होत्या. मी जाड घेतली.

दादाची पत्रं यायची. ट्रान्झिस्टर, टेरिलीनचं कापड, मनगटी घड्याळ, अत्तर. झाडांबद्दल एक ओळ नसायची. मी प्रत्येक पत्राला एकच उत्तर द्यायचे, पेरूला बहार कसा आहे? मग मधे तो भयंकर दुष्काळ पडला आणि पत्रं थांबली. पैसे मी आप्पांच्या नावानं पाठवत राहिले. ते कुणाच्या हातात जातात हे मला ठाऊक होतं.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात रजा मिळाली. मनमाडहून नगरच्या गाडीत बसले. अंगावर नायलॉनची साडी, डोळ्यांवर काळा चष्मा, मांडीवर आप्पांसाठी घेतलेला ट्रान्झिस्टर. कोल्हारला गाडी थांबली. खिडकीखाली पाटी आली आणि पाटीबरोबर आवाज.

"घ्या ताई, गोड हायेत. चार आण्याला दोन."

ती वहिनी होती. जिच्या माहेरी बायका बाजाराला बसत नाहीत ती. ती माझ्या हाताकडं बघत होती. हातात सोन्याचं घड्याळ होतं, तिच्या डोळ्यांत तेवढंच मावलं होतं. पेरू मी ओळखले. बांधावरच्या तिसऱ्या झाडाचे, देठाजवळ गुलाबी. त्या झाडाला दगड मारणाऱ्यांना मी लहानपणी दगड मारले होते.

"चार आण्याला सहा," मी म्हटलं.

"न्हाई परवडत ताई. दुष्काळानं झाडं वाळली. दोनच राहिलीत."

"सहा."

"तीन घ्या."

मी तोंड फिरवलं आणि समोर बघायला लागले. टपरीवर ड्रायव्हरनं कप ठेवला. वहिनीनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं, मग पाटीकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. अर्धी पाटी शिल्लक होती. तिनं घाई दाखवली.

"चार घ्या. पाच घ्या, ताई."

कंडक्टरनं घंटी मारली.

"घ्या सहा, घ्या," म्हणत तिनं पेरू खिडकीतून माझ्या मांडीवर टाकले, नाणं हातात यायच्या आधी. तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

मी पेरू ओच्यात घेतले, ट्रान्झिस्टर उचलला, कंडक्टरला थांब म्हटलं, टपावरची ट्रंक काढायला सांगितली आणि खाली उतरले. चष्मा काढला. 

"वन्सं, तुमी?"

"मी."

गाडी गेली. धुरळा खाली बसेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. तिचे पाय भेगाळलेले होते आणि पाटी धरायची ढब चुकत होती. पाटी कमरेवर घ्यायची असते, पोटावर नाही. बाभळीखाली दादा बसला होता. मला बघून तो उठून उभा राहिला, पण पुढं आला नाही. त्याची नजर ट्रान्झिस्टरवर होती.

वहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि हात पुढं केला. "चार आणे द्या की, वन्सं."

मी दिले. चार आणेच दिले.