वर्तुळ चालून काढणारे वाघमारे सर

माझं सगळं बदललं ते सातवीतल्या भूमितीच्या एका तासाला. तेलुगू मुलखातल्या मुधोळच्या आमच्या मराठी शाळेत वाघमारे सर नवेच आले होते. खडूऐवजी खुंटी आणि सुतळी घेऊन ते आम्हाला मैदानात घेऊन गेले. मधली खुंटी धरायला त्यांनी एका मुलीला बसवलं, सुतळीचं टोक माझ्या हातात दिलं आणि "चाल" म्हणाले. मी तेव्हाही तापटच. असा हिसका दिला की खुंटीच उपटली.

"काऊन ओढून राह्यला बे? बैल हायेस का?" ती ओरडली.

सर हसले. "ताणून धर, ओढू नको. ढिली सोडली तरी बिघडते."

पुन्हा चाललो, तेव्हा मातीत गोल उमटला. तेवढ्यात तपासणीला आलेल्या तेलुगू साहेबांनी विचारलं, पोरं गरगर का फिरताहेत? सरांनी त्यांना त्यांच्याच भाषेत उत्तर दिलं आणि मग आमच्याकडे वळले. "साहेबांचं वृत्तम् आणि आपलं वर्तुळ, दोन्हींचं मूळ संस्कृत 'वृत्'. म्हणजे वळणं, फिरणं. तहसिलीतल्या उर्दूतला दायरा आला अरबीतून, पण त्याचंही मूळ फिरण्यातच. वर्तुळ म्हणजे कोणीतरी चालून गेल्याची खूण, पोरांनो." मग साहेबांनीच सुतळी मागितली आणि बूट काढून एक फेरी मारली!

सर खुंटी धरणारा रोज बदलायचे. मधोमध कायमचं कोणी बसायचं नाही, हा त्यांचा नियम. शेतमजुराच्या घरातून शिकून आलेल्या सरांनी तो गावच्या बैठकीतही कधी सोडला नाही.

पुढे निर्मलच्या कॉलेजात प्राध्यापकांशी भांडून, वर्गाचं दार आपटून मी अर्ध्यातच परत आलो. घरात कोणी बोलेना. सरांनी कारणसुद्धा विचारलं नाही. शाळेची भिंत दाखवली, रंगाचे डबे दिले. "आकृत्या काढ, नावं तिन्ही भाषांत लिही." आज मी पाट्या रंगवून पोट भरतो, ते त्या भिंतीमुळे.

सरांच्या साठीच्या गौरवग्रंथाच्या समितीने सांगितलंय, फक्त सरांवर लिहा. सरांवरच लिहून राह्यलो. खुंटी धरणारी ती मुलगी आता त्याच शाळेत शिकवते. या ग्रंथाचे लेखही तीच गोळा करते. उद्या बेल्लमपल्लीहून तिला पाहायला पाहुणे येणार आहेत. हे कळलं तसा मी सरांकडे धावलो.

"सर, उद्या मी तिच्या दारातच उभा राह्यतो! पाहतो कोण आत जाते ते!"

सरांनी चहा पुढे केला. "तिला इचारलं काय?"

"नाही."

"मंग इतके वर्सं नुसता गोल फिरून राह्यला? जा, इचार. नाही म्हणली तर ओढू नको."

सरांना साठाव्या वर्षी माझं एकच मागणं: गुडघे असेच दणकट राहोत, आणि अजून कितीतरी पोरांच्या मागे मैदानात हिंडायला त्यांना भरपूर आयुष्य मिळो.

यापुढे लिहायला डोकं चालत नाही. शाळा सुटायची वेळ झाली. हा कागद तिच्या हाती देण्याआधी तोंडानेच विचारणार आहे. नाही म्हणाली, तर लेख देऊन मुकाट परत येईन. निघालो. आज दार आपटत नाही. हळूच लावून घेतो.