भरतीची वेळ

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमी असेल तर साडेसात. होडीवर जन्म काढलेल्या माझ्या बाबांनी मला हे शिकवलं. पण हिशेब ढोबळ, दहा-वीस मिनिटांचा फरक पडतोच. तो फरक मांडवीच्या धक्क्यावर उभं राहून रोज वहीत उतरवणारी अख्ख्या रत्नागिरीत मी एकटीच असणार. कॉलेजातही भेटेल त्याला वेळ सांगायचे, म्हणून मी दिसले की, "आलं पंचांग!" आणि हशा.

शेजारच्या बाकावरची मुलगी एकदा म्हणाली, "उद्या सगळे खडकावर जातोय, तूपण ये. फक्त पंचांग घरी ठेव हां." मला इतका आनंद झाला की मी आईची ठेवणीतली ओढणी मागून घेतली.

त्या दिवशी चतुर्थी होती, भरती तीनला. एकच्या सुमाराला खडकामागच्या घळीत, परतीच्या एकुलत्या वाटेवर, पाणी शिरणार, हे मला पाठ होतं. एक वाजला. मी भेळ खात बसले. कुणीतरी विनोद केला, त्यावर सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. उठलो तेव्हा घळीत कमरेएवढं पाणी होतं. हात धरून एकेक जण पार झाला. मला बोलावणारी ती मागे राहिली, माझाच फोटो काढायला. मग लाट आली.

बाराव्याला तिच्या आईने विचारलं, "तू तर सगळ्यांना सांगायचीस गो. माझ्या पोरीला का नाय सांगितलंस?"

"लक्षात नाही आलं, काकी." सांगायला लाज वाटते, पण हेच म्हणाले.

तेव्हापासून मी गप्प बसलेली नाही. मांडवीला आलेल्या अनोळखी माणसांनाही वेळ सांगते. हसतात, हसू देत. चौदावी वही चालू आहे.

तिची आई अधूनमधून भेटते. या बाईने जन्मभर खडकावरची कालवं काढून विकली, मुलीला मात्र शिकवायचं म्हणून तिकडे फिरकू दिलं नाही. भरती-ओहोटी तिला माझ्याहून चांगली कळते. तरी दर वेळी थांबून विचारते, "आज भरती किती वाजता?" मी मिनिटासकट सांगते. ती मान हलवून निघून जाते. मला वाटायचं, तिला माझी दया येते.

गेल्या महिन्यात राहवलं नाही. म्हटलं, "काकी, त्या दिवशी मला माहीत होतं."

डोक्यावरची पाटी न उतरवता ती म्हणाली, "ठाव हाय मला. म्हणून तर इचारते. सांग, आज किती वाजता?"