आठ नंबरचा रॉड, पाच नंबरची दोरी

कुंभारवाड्याच्या फुलाच्या हातात जोर नाही, असं कुणी म्हणावं, याचाच आधी संताप येतो. डोंगरावरून भाताचे भारे डोक्यावर घेऊन उतरणारी बाई ती. बापाबरोबर ओढ्यावर बसून बांबूच्या काठीनं मासे धरत वाढलेली.

नंदिगड्ड्याजवळ नागेशनं होमस्टे काढला. आवारातल्या मोठ्या तळ्यावर पाहुण्यांना फ्लाय फिशिंग शिकवायचं त्याच्या मनात होतं. म्हणजे पिसांच्या खोट्या माशीनं मासा पकडायचा आणि परत सोडून द्यायचा. त्यासाठी त्याला गावातलीच माणसं तयार करायची होती. फुलानं आपणहून नाव दिलं. बाकी सगळे पुरुष. शिकवायला बेळगावहून प्रज्योत आला.

पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांना रॉड, म्हणजे चकरी नि दोरी लावलेल्या गळाच्या काठ्या, वाटले. फुलाला शेवटी मिळाला.

कान्हूची दोरी तळ्यावर सरळ पसरली. गणपतीचीही पसरली. फुलानं हात मागे नेला, पुढे आणला, आणि दोरी तिच्याच पायाशी गुंता होऊन पडली. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. जोर लावून लावून तिचा खांदा सुजला.

"मनगटात दम न्हाई," प्रज्योत सगळ्यांदेखत म्हणाला. "बायकांना हे जमत न्हाई. नागेश, हिला स्वैपाकात घे."

आणि नागेशनं घेतलं! एक शब्द न विचारता. शिकायला आलेली फुला पाहुण्यांच्या भाकऱ्या थापायला लागली. गावात हसू झालं ते वेगळंच. "साहेबीण मासे धरायला गेलती," म्हणून बायका चिडवायच्या. फुला रात्री खांद्याला तेल चोळायची आणि स्वतःलाच दोष द्यायची.

एका दुपारी प्रज्योत जेवून झोपला होता. कान्हू तळ्याकाठी एकटाच सराव करत होता. फुला भांडी धुऊन तिथं आली.

"कान्हूदादा, तुझा रॉड जरा दे की."

त्यानं दिला. फुलानं हात मागे नेला, क्षणभर थांबली, पुढे आणला. दोरी सुळकन गेली आणि पाण्यावर अलगद टेकली. मग कान्हूनं फुलाचा रॉड आणून फेकून पाहिला. दोरी त्याच्याही पायाशी पडली.

फुलाच्या रॉडवर मुठीच्या वर आठ आकडा छापलेला होता. दोरी गुंडाळलेल्या चकरीवर पाचाची चिठ्ठी. कान्हूच्या दोन्हीवर आठ.

पिसांच्या माशीला वजन नसतं. वजन असतं ते दोरीला. त्या वजनानं रॉड वाकतो आणि सरळ होताना दोरी पुढे फेकतो. आठाच्या ताठ रॉडला पाचाची हलकी दोरी वाकवणार कशी? हे त्यांना प्रज्योतनंच सांगितलं, झोपेतून उठवल्यावर.

"म्हणजे तुम्हाला ठाव होतं?" फुलानं विचारलं.

"आठाची दोरी कमी पडली होती. म्हटलं, तू काय दोन दिवसांत सोडून जाणार. एवढं काय त्यात?"

"एवढंच व्हय? मग माझ्या मनगटाला नावं कशाला ठेवलीत, सर? दोरीला ठेवायची होती!"

आवाज ऐकून नागेश धावत आला. "वैनी, झालं गेलं सोडा. नवी दोरी मागवतो."

"दोरी मागवाच, नागेशअण्णा. पण ह्यांनी चौघांदेखत मला निकामी ठरवलं. आता चौघांदेखतच खरं सांगू देत."

नागेशनं सगळ्यांना बोलावलं. प्रज्योत तळ्याकडे बघत पुटपुटला, "दोरी चुकीची होती." ती कुणी दिली, हे शेवटपर्यंत त्याच्या तोंडून आलं नाही. माफीही नाही. फुला तिथंच उभी राहिली, तो आत निघून जाईपर्यंत.

दोरी आली. फुला आता तळ्यावर पाहुण्यांना शिकवते. शिकवायच्या आधी प्रत्येक रॉडचा नि दोरीचा नंबर पाहुण्यालाच मोठ्यानं वाचायला लावते. खांदा मात्र अजून धरतो. पाण्याची कळशी ती डाव्या हातानं उचलते.

प्रज्योत येऊन जाऊन असतो. परवा पाहुण्यांना कौतुकानं सांगत होता, "हिला आधी काहीच येत नव्हतं. बघा, किती सुधारली!"

फुला गाठ मारत होती. तिनं वर पाहिलं.

"मी न्हाई सुधारले, सर," ती म्हणाली. "दोरी बदलली."

पाहुणे हसले, त्यांना वाटलं गंमत चाललीय. फुला हसली नाही.